चिंचेचा कौल

गावाचं नाव लिहू नका मास्तरजी, मले इथंच राहाचं हाय. तुमी आलते शाळेतला कडुलिंब तोडाचं विचाराले आन मी माहं पुरान लावलं, पन आता काढलीच हाय वही तर लिहा. मी मूळचा तळेगावच्या वरल्या अंगाच्या डोंगरातला, आमी गोंड, घरी आमची बोली आन बाजारात तुमची, बाप माहा जंगलात झाडं तोडे, आजाबी झाडंच तोडे, म्हनजे काय सांगू तुमाले, चालाले लागलो तवापासून हातात कुऱ्हाडच. लोक इचारतात, तुमी झाडाले देव मानता मंग तोडता काऊन. अजी, तुमी गाईले माय म्हनता आन वासराच्या तोंडचं दूध काढता ना, तसंच हाय ते.

आमच्यात मोठं झाड तोडाच्या आंधी त्याले विचारतात. सांजच्याले जावं, बुडाशी तांदूळ ठेवावे, हळद लावावी, कुऱ्हाड पात्यावर उभी करून दांडा खोडाले टेकवावा आन मागं न पाहता घरी यावं. सकाळी कुऱ्हाड उभी दिसली तर झाड हो म्हनलं, पडून असली तर नाई म्हनलं, मंग त्याले कोनी हात लावत नाई. तुमी म्हनसान वाऱ्यानं पडते, घुशीनं पडते, तर पडू द्या ना, झाडाले कुठं तोंड हाय, ते असंच बोलते. बापानं मले हे शिकवलं तवा अखेरीले त्यानं पात्यावर टाच ठेवून जोर देला, पातं मातीत रुतलं. मी बी तसंच शिकलो. पुढं जानता झाल्यावर मी विचारलं, बा, आपल्याले आजवर एकबी झाड नाई म्हनलं नाई, असं काऊन. बापानं आंधी हातातली कुऱ्हाड खाली ठेवली. मंग म्हने, एक म्हनलं होतं, तू लहान होता, आमी ते तोडलं नाई म्हनून ठेकेदारानं कामावरून हाकललं आन तुही लहानी बहीन त्या उन्हाळ्यात भुकेनं गेली, तवापासून टाच लावतो. मी पुन्हा विचारलं नाई. विचारून काय, माह्या टाचेले बी तेच वळन पडलं होतं, तंबाखू मळाले जसं ध्यान लागत नाई तसं.

मंग जंगलातलं काम सुटलं, मी आन माही बायको झिंगी इथं आलो. स्वराज आलतं, गाव वाढून राह्यलं होतं, नवे घरं, नव्या सडका, आन सडक आली का झाड पडलंच, म्हनून मले काम लय. बाजाराच्या नाक्यावर चिंच होती, तुमी नाई पाह्यली, तुमी मागून आले. चार मानसाईनं हात धरले तरी कवेत येत नव्हती. पावसाळा लागला का तिच्यावर बगळे उतरत, शेकड्यानं, झाड सारं पांढरं होऊन जाय, आन पिल्लं अशी कलकल करत का खालचा सौदा ऐकू येत नसे. खाली शेवंताबाई भाजी घेऊन बसे. तिची सासूबी तिथंच बसे, तिथंच तिचे लेकरं रांगले.

कमेटीनं ठरवलं, सडक सरळ न्याची, चिंच काढाची. तिच्या खालीच सभा भरली. समोरचा कापडवाला सेठ म्हने, पाखराईच्या घानीनं माहे थान खराब होतात, गिऱ्हाईक नाक दाबून जाते, काढा. कोनी म्हने ट्रकाईले वळन पडते, काढा. बाया म्हनत, उन्हाळ्यात दवाखान्यात चाललेली बाळंतीन कुठं टेकन, राहू द्या. एक शिकलेला पोट्टा म्हने, पाखरायले काय, ते दुसरीकडे जातीन. शेवंताबाई उठली आन म्हने, बाबू, तुह्या मायले सांग ना दुसरीकडे जाय म्हनून. लय हासले लोक. पन हासून काय होते.

पोळा होऊन गेलता, घरट्यात पिल्लं होती, म्हनून ठेकेदाराचे मजूर कुऱ्हाड उचलेनात. सारे आमच्यातलेच. माह्याकडे बोट करून म्हनाले, पयले सोमाबुढा कौल घेईन, चिंच नाई म्हनली तर आमी तोडत नाई. कमेटीचा मेंबर हासला, म्हने, ठीक हाय बाप्पा, साऱ्यादेखत सांगतो, कुऱ्हाड पडली तर सडक वळवू. त्याले वाटलं असन, अडानी लोक, दोन दिवस खेळू द्या. पन तो बोलला होता जी, साऱ्यादेखत बोलला होता!

सांजच्याले शेवंताबाई घरी आली. सोमाभाऊ, थोडी सैल टेकवजो, म्हने, मले तुही बहीन समज. झिंगीबी म्हने, टेकव ना सैल, कोन पाह्यते. आन मी भडकलो. देवाच्या कामात लबाडी करू काय, म्हनलं, चिंचेच्या मनात असन ते होईन. लय मोठा मी इमानदार! तावातावातच गेलो, तांदूळ ठेवले, हळद लावली, कुऱ्हाड टेकवली आन घरी आलो.

सकाळी अर्धं गाव जमलं होतं. कुऱ्हाड उभी. मी जवळ गेलो आन पाह्यलं तर पातं दोन बोटं मातीत आन बाजूले टाचेचा ठसा. माहा. पाय लहानपनापासून वाकडा हाय ना माहा, ठसा वाकडाच पडते, मले दुसऱ्याले विचाराचं कामच नव्हतं. खरं सांगतो मास्तरजी, झिंगीची शपथ, मले आठवतबी नव्हतं मी टाच कवा लावली.

तवा तोंड उघडलं असतं तर झालं असतं. म्हनलं असतं, थांबा, चुकलं, आज पुन्हा टेकवतो. पन मंग लोक म्हनले असते, आंधीच्या साऱ्या झाडाईचं काय. बापाचं नाव निघालं असतं, बहिनीचं निघालं असतं. साऱ्या जनमात मी एकाबी झाडाले विचारलं नव्हतं, नुसता तांदूळ ठेवून खोटा होकार घेतला होता, हे साऱ्यादेखत सांगाची छाती झाली नाई माही. मी पायानं तो ठसा पुसला. मेंबर म्हने, झालं ना समाधान? पयला घाव मीच घातला, रीतच हाय तशी.

तीन दिवस लागले. पडली तवा पिल्लं रस्ताभर, पंख न फुटलेली, चोची उघडून. मोठे बगळे वरतून फिरत राह्यले, दोन दिवस फिरत राह्यले, उतराले जागा नाई. शेवंताबाईनं भाजीच्या टोपल्यात पिल्लं गोळा केली, पानी पाजलं, एक जगलं नाई. माह्याकडे पाह्यलं आन एवढंच म्हने, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. तवापासून बोलत नाई. मी भाजी घ्याले गेलो तर तोंड फिरवते. आता ती उन्हात बसते, फाटकी छत्री धरून. सेठनं दुकानावर सावलीले बांबूच्या तट्ट्या बांधल्या, आन म्हनते काय तर, यंदा ऊन लय हाय बाप्पा. मले हासू येत नाई, मले राग येते. माहाच जास्त येते.

झिंगीले मी सांगतलं, ती मरायच्या आंधी. ती म्हने, मले मालूम होतं, तुह्या टाचेची माती मीच धुतली होती ना. सारं मालूम असून बोलली नाई बिचारी.

तर तुमचा लिंब. लेकरायले खोली पायजे, ते बी खरंच हाय, मी नाई कसा म्हनू. उद्या सांजच्याले येतो, कुऱ्हाड टेकवतो. पन टाच लावनार नाई, तुमी उभे राहून पाहजा माह्या पायाकडे. पडली तर लिंबाले राहू देजा आन खोली बाजूले सरकवजा. आन उभी राह्यली, तर पयला घाव तुमी घालजा मास्तरजी, तुमच्या हातानं. माह्यानं आता होत नाई. शिकू द्या लेकरायले, लय शिकू द्या.