हेदरच्या पणजोबांचं मधलं नाव

अगं, दुसऱ्यांचे पूर्वज शोधायला जाऊ नये. हेदर, इथे ऑस्ट्रेलियात टूवूंबातली माझी शेजारीण. तिचे पणजोबा स्कॉटलंडहून आलेले. त्यांचे वडील कोण, एवढंच तिला हवं होतं. रेल्वेच्या नोकरीच्या रेकॉर्डमध्ये आणि कामगारांच्या एका परस्पर-मदत मंडळाच्या यादीत नाव होतं जेम्स फ्रेझर रीड.

"फ्रेझर म्हणजे वडिलांचं नाव," मी ठामपणे म्हटलं. दोन वीकेंड आम्ही फ्रेझर रीड शोधला. मग चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद मिळाली. वडील विल्यम रीड, आई माहेरची फ्रेझर.

"तुला वडील का वाटले?" हेदरने विचारलं.

"आमच्यात मधलं नाव वडिलांचं असतं. लग्नानंतर नवऱ्याचं."

"आणि आडनाव?"

"तेही नवऱ्याचं."

"म्हणजे पहिलं नाव तेवढं तुझं."

"ते सासरी बदललं."

हेदरने कोरा कागद पुढे ओढला.

"तुझ्या पणतीसाठी आत्ताच लिहून ठेवू. सांग, नाव काय लिहू?"

मी अजून सांगितलेलं नाही.