फ्लॉपीत न आलेलं देवघर

तर मैत्रिणींनो, नव्या घराच्या नकाशातून आमचं देवघरच गायब झालं होतं! माझे दीर धुळ्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर नकाशे काढायचे. जळगावात ओळखीच्यांकडे त्यांनी तिथून आणलेली नकाशाची फ्लॉपी उघडली, तर देवघराची जागा मोकळी. सासरे, म्हणजे आबा, म्हणाले, "आठे कोठी करी टाका." देवघराच्या जागी धान्याची कोठी? मी दिरांनाच जाब विचारला.

"वहिनी, देवघराची वेगळी फाइल नुसती लिंक केली होती, म्हणजे नकाशात फक्त तिचा पत्ता होता," दीर म्हणाले. "ती धुळ्यालाच राहिली. इम्पोर्ट केली असती, तर नकाशातच आली असती."

"भाऊजी, पूजेला आपण पद्मालयाच्या गणपतीच्या देवळाच्या दिशेनं नुसता नमस्कार करतो का? सुपारीवर अक्षता वाहून गणपतीला घरातच बसवतो. तसंच देवघर नकाशातच बसवा!"

पुढच्या फ्लॉपीत देवघर ठाण मांडून आलं. आबांनी स्क्रीनलाच हात जोडले. "आते बठ्ठं शे!" खरंच, आता सगळं होतं.