रविवारच्या बाकावरचा बाप

मंडळी, मागं चपलांपाशी बसलेत त्यांना ऐकू येतंय का? येतंय ना. मग सरसावून बसा. मायमाऊल्यांनो, पेंगणारी लेकरं मांडीवर घ्या, कारण आजची गोष्ट लेकराचीच आहे.

आधी एक प्रश्न टाकतो. उत्तर मला देऊ नका, मनातल्या मनात द्या. पोरगं चांगलं वागतं तोवर ते आपलं असतं, यात काय नवल? दहावीला पहिलं आलं की चौकात फलक — आमचा, आमचा, आमचा. पण तेच पोरगं असं काही करून बसलं की बापाला गावातून मान वर करून चालता येईना, तर मग ते कुणाचं? तेव्हा बाप म्हणतो, "तुझ्या माहेरावर गेलंय." आणि आई म्हणते, "तुमच्याच घराण्यावर गेलंय." हसताय काय? घरोघरी हेच चालतं. चांगलं पोर दोघांचं, वाईट पोर दुसऱ्याचं!

तर असं बिघडलेलं लेकरू कुणाचं असतं, ते सांगतो. ऐका.

एक बाजाराचं गाव. नाव सांगत नाही, माणसं अजून तिथं नांदतायत. तिथं मुरलीधर काशीद नावाचा एक गृहस्थ. एसटी स्टँडसमोर त्याचं केशकर्तनालय. हात असा हलका की माणूस दाढीला बसला की घोरायला लागायचा. आमच्या पेटीवाल्या बुवांना त्या हाताचं सुख कळायचं नाही — त्यांच्या डोक्यावर कात्रीला कामच शिल्लक नाही. बुवा, रागावू नका, सूर धरा.

मुरलीधरच्या बायकोचं नाव सुलोचना. त्यांचा एकुलता मुलगा सुदर्शन, सोळा वर्षांचा. गोष्टीतली सगळी नावं मी बदललेली आहेत. कायदाही सांगतो, अशा पोराचं नाव उघड करू नये.

मुरलीधरच्या शेजारच्या गाळ्यात लिगाडे काकांचं सायकलचं दुकान. काकांचं आणि मुरलीधरचं भावाभावासारखं. सकाळी काका पेपर घेऊन सलूनमध्ये यायचे, मोठ्यानं वाचायचे, आणि मुरलीधर कात्री चालवत ऐकायचा. सुदर्शनला सायकल चालवायला काकांनीच शिकवली.

गावची जत्रा होती. मिरवणुकीत गाणं कुठलं लावायचं यावरून पोरांच्या दोन टोळक्यांत जुंपली. गाणं कुठलं लावायचं, मंडळी! पुढं देवाची पालखी आणि मागं ही भांडणं. सुदर्शन त्यात पुढं. डोकं फिरलं, हातात सोड्याची बाटली आली, त्यानं ती समोरच्या पोरावर भिरकावली. तेवढ्यात भांडण सोडवायला कुणीतरी मध्ये आलं. बाटली त्या माणसाच्या तोंडावर फुटली.

मध्ये आले होते लिगाडे काका. त्यांचा उजवा डोळा गेला.

आता बघा, काय प्रसंग. पोलिसांनी पोराला ताब्यात घेतलं. मुरलीधर धावत ठाण्यावर गेला. पोरगं कोपऱ्यात उभं, शर्टावर रक्त — स्वतःचं नव्हे, काकांचं. बापाला बघून ते रडायला लागलं, एक पाऊल पुढं आलं. आणि मुरलीधरच्या तोंडून शब्द गेला, "तू आम्हाला मेलास."

एवढंच बोलला आणि पाठ फिरवून निघून गेला.

माणूस रागाच्या भरात बोलतो आणि घरी जाऊन विसरतो. ऐकणारा विसरत नाही. ज्याला त्या घडीला दुसरा कुठलाच आधार नसतो, तो तर मुळीच नाही.

पोराला बाल न्याय मंडळापुढं उभं केलं. एरवी अशा मुलांना आईबापाच्या हवाली करतात. पण गाव तापलेलं होतं. काकांचे पुतणे काठ्या घेऊन फिरत होते. मंडळानं विचार केला, आत्ता सोडलं तर पोराच्याच जिवाला धोका. म्हणून त्याला जिल्ह्याच्या गावी निरीक्षणगृहात ठेवलं. आपण त्याला रिमांड होम म्हणतो. आणि म्हणताना आवाज कसा खाली जातो, बघितलंत?

मी तिथं जाऊन आलोय. उंच भिंत, लोखंडी फाटक. पण आत लेकरंच हो. सकाळी उठायचं, अंथरुणाची घडी घालायची, हजेरी, प्रार्थना, कवायत. मग शिकवणी. ताट घेऊन जेवणाची रांग. संध्याकाळी कॅरम. कुणी मारामारीत सापडलेलं, कुणी चोरीत. दिवसा एकमेकांवर गुरगुरतात आणि झोपताना तोंडावर पांघरूण ओढून घेतात. आईबापांना भेटायचा दिवस रविवार. मधल्या वारी घरून एक फोन. बाहेरच्या जगाशी एवढाच धागा.

पहिला रविवार आला. मुरलीधरचा राग तोवर उतरला होता आणि त्याजागी नुसती काळजी उरली होती. आधारकार्ड घेऊन नवरा-बायको गेले. सुलोचनानं बेसनाचे लाडू केले होते, ते फाटकावरच ठेवून घेतले. घरचं खायचं आत जात नाही. भेटीच्या खोलीत बाकावर दोघं बसली. शेख म्हणून तिथले काळजीवाहक, मोठा मायाळू माणूस. ते पोराला बोलवायला गेले आणि एकटेच परत आले.

"येत नाही म्हणतो."

सुलोचना म्हणाली, "भाऊ, आई आलीय म्हणून सांगा."

"सांगितलं, ताई." शेखभाऊंनी मुरलीधरकडं बघितलं. "म्हणतो, मेलेल्याला भेटायला कशाला आलेत?"

मुरलीधरनं मान खाली घातली. बायकोला त्यानं ठाण्यातली गोष्ट सांगितलीच नव्हती. एसटीत सांगितली. सुलोचना खिडकीबाहेर बघत राहिली. गाव आल्यावर म्हणाली, "तुम्ही तोडलंत, तुम्हीच जोडा. मी माझ्या परीनं बघते."

तिनं काय केलं? फोनच्या दिवशी ती फोन करायची. पोरगं फोनवर यायचं नाही. मग ती शेखभाऊंनाच सांगायची, "त्याला एवढं सांगा, आपल्या शेळीला दोन करडं झाली. एक पांढरं आहे." पुढच्या फोनला, "शेजारच्या माईंनी नवा टीव्ही घेतला, रिमोट सापडत नाही म्हणून सगळं घर उपसलं." ये म्हणाली नाही, का केलंस म्हणाली नाही, रडली नाही. नुसती घरची खबर. शेखभाऊ जेवणाच्या रांगेत पोराच्या कानाशी जाऊन सांगायचे, "पांढरं करडू लंगडत होतं, आता बरंय." पोरगं काही बोलायचं नाही. पण एकदा फोनच्या दिवशी शेखभाऊ रजेवर होते, तर दुसऱ्या दिवशी त्यानंच विचारलं, "माझ्या आईनं काय सांगितलं?"

आणि मुरलीधर? तो दर रविवारी जायचा. दुकानाला सगळ्यात जास्त गिऱ्हाईक रविवारी, त्या दिवशी कुलूप. बाकावर बसायचा. पोरगं येत नाही हे कळायचं. तरी वेळ संपेपर्यंत बसायचा, उठायचा, एसटी धरायचा. गावातली माणसं म्हणायची, "मुरलीधर, कशाला हेलपाटे घालतोस? त्याला नकोय ना?" तो म्हणायचा, "त्याला नको असलं तरी मी आलोय हे त्याला कळतंय."

मंडळी, देवळाचं दार बंद असलं तर आपण काय करतो? पायरीला हात लावून परत फिरतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. देवावर रुसत नाही. मग लेकरावर का रुसावं?

एका रविवारी त्या बाकावर बसल्या बसल्या मुरलीधरचं लक्ष आतल्या पोरांकडं गेलं. केस कानावर आलेले, कुणाच्या डोक्यात फोड. तिथं केस कापायला येणारा माणूस आजारी पडला होता. मुरलीधर अधीक्षकांच्या खोलीत गेला. मेश्राम मॅडम म्हणून बाई होत्या.

"मॅडम, मला नाही तरी बसूनच राहायचं असतं. पोरांचे केस कापू का?"

बाईंनी त्याच्याकडं निरखून बघितलं. "तुमच्या मुलाला भेटायची ही युक्ती असेल तर तसं सांगा. त्याच्यावर मी जबरदस्ती होऊ देणार नाही."

"त्याला बोलवू नका. जे येतील त्यांचे कापतो."

बाईंनी वरून परवानगी आणली. वस्तरा आत न्यायचा नाही. कात्री आणि मशीन मोजून आत, मोजून बाहेर. शेखभाऊ शेजारी उभे. व्हरांड्यात एक खुर्ची टाकली आणि मुरलीधरचं काम सुरू झालं. पोरं एकेक येऊन बसू लागली. तू काय केलंस, असं त्यानं एकालाही विचारलं नाही. "बारीक करू का मध्यम?" एवढंच विचारायचा. कुणी बोललं तर ऐकायचा. सुदर्शन लांब जिन्यावर पाठ करून बसायचा.

तिथं मुन्ना नावाचा एक मुलगा होता. त्याला भेटायला कुणीच यायचं नाही. आई लहानपणी गेलेली, बापाचा पत्ता नाही. तो मुरलीधरला 'मामा' म्हणायला लागला. केस कापून झाले तरी खुर्चीशेजारी फरशीवर बसून राहायचा, खाली पडलेले केस झाडायचा, गप्पा मारायचा. एकदा जेवताना तो सुदर्शनला म्हणाला, "तुला नको असला तर तुझा बाप मला दे. माझा होईल तो."

सुदर्शननं ताट बाजूला सारलं. "तो माझा बाप आहे."

"मग रांगेत का येत नाहीस?"

सुदर्शन ताट उचलून धुवायला गेला.

पुढच्या रविवारी मुरलीधरनं एका पोराच्या मानेवरचे केस झटकले, टॉवेल झाडला आणि म्हणाला, "चला, पुढचा." पुढचा येऊन बसला. मुरलीधरनं टॉवेल त्याच्या गळ्याभोवती गुंडाळला आणि हात तिथंच थांबला. ते डोकं त्याच्या ओळखीचं होतं. जावळ त्यानंच काढलं होतं ना त्याचं.

शेखभाऊंनी बाकीच्या पोरांना पाणी प्यायला पिटाळलं.

"बारीक करू का मध्यम?" मुरलीधरनं विचारलं.

"तुम्हीच म्हणालात, मी मेलो."

"म्हणालो." मुरलीधर पाठीमागंच उभा होता. "बोलून चुकलो. त्या दिवसापासून नीट झोपलेलो नाही. तुला माफ करावंसं वाटलं तर कर, नाही वाटलं तर मी येतच राहीन."

पोराचे खांदे हलायला लागले. मुरलीधरनं कात्री शेखभाऊंच्या हातात दिली आणि दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवले. कात्री चाललीच नाही.

मग पोरानं विचारलं, "काकांचा डोळा?"

बाप खोटं बोलू शकला असता. "गेला," तो म्हणाला. "परत येणार नाही. दुसरा चांगला आहे."

"तुम्ही त्यांना भेटलात?"

"पहिल्यांदा गेलो तर पुतण्यांनी दारातून हाकललं. दुसऱ्यांदाही. मग काका आतून ओरडले, येऊ द्या त्याला, माझी दाढी वाढलीय. आता रोज जातो. दाढी करतो, पेपर मी वाचून दाखवतो. अडखळत वाचतो, ते शिव्या देतात."

सुदर्शन म्हणाला, "मला त्यांच्याशी बोलायचंय."

मंडळी, इथं गोष्ट गोड करून संपवता आली असती. काकांनी पोराला पोटाशी धरलं, सगळे रडले, वाजवा टाळ. पण तसं झालं नाही. काका आधी नाही म्हणाले. पुष्कळ दिवस नाहीच म्हणाले. डोळा त्यांचा गेला होता, तुमचा-माझा नाही. मग एका फोनच्या दिवशी सुलोचना त्यांच्या घरी गेली, त्यांच्यासमोरच तिनं फोन लावला आणि मुकाट्यानं पुढं धरला. काकांनी घेतला.

तिकडं सुदर्शन. "काका, मी सुदर्शन. माझ्यामुळं…"

"तुझ्यामुळंच," काका म्हणाले. "माफीबिफी मला अजून जमत नाही, हे तुला सरळ सांगतो. चाकाला आरे बसवताना एका डोळ्यानं अंदाज चुकतो. रोज चुकतो, आणि रोज तू आठवतोस."

पोरगं हुंदके द्यायला लागलं.

"रडतोस काय? ऐक. बाहेर आलास की दुकानात यायचं. मी सांगेन तसे आरे बसवायचे. येशील का?"

"येईन, काका."

त्यानंतर काका स्वतः पुतण्यांना घेऊन बसले आणि काठ्या खाली ठेवायला लावल्या. मंडळानं चौकशी केली, गाव निवळलंय असं दिसलं, आणि पोराला देखरेखीखाली आईबापाच्या हवाली केलं. ज्या दिवशी तो सुटला त्या दिवशी सुलोचना फाटकापाशी दोन्ही करडं घेऊन उभी! मॅडम म्हणाल्या, "अहो, शेळ्या कशाला आणल्यात?" ती म्हणाली, "इतके दिवस नुसती ऐकलीत त्यानं. बघू दे की."

आज सुदर्शन सकाळी आयटीआयला जातो आणि दुपारून काकांच्या दुकानात बसतो. काका अजून त्याच्यावर खेकसतात. माफ केलं का, हे मी त्यांना विचारलं. म्हणाले, "बुवा, घाई करू नका." आणि मुरलीधर रविवारी अजून निरीक्षणगृहात जातो. मुन्ना तिथंच आहे ना. आता रविवारी कागदावर मुन्नाला भेटायला येणारा म्हणून मुरलीधरची सही असते.

तर लेकरू कुणाचं? जो दर रविवारी एसटी धरतो, त्याचं.

आता तुमच्याकडं वळतो. या मांडवात बसलेल्यांपैकी कुणाचं तरी कुणीतरी आज भिंतीआड आहे. कुणी सुधारगृहात, कुणी तुरुंगात, कुणी व्यसन सोडवायच्या केंद्रात. मला ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक आहे, फक्त बोलत नाही आपण. ते घर सोडून बाकी सगळ्या घरी हळदीकुंकवाचं बोलावणं जातं. उद्या सकाळी त्या घरी जा. त्या आईला सल्ला देऊ नका, तिच्याकडं सल्ले खूप साचलेत. नुसतं म्हणा, "येत्या रविवारी भेटीला जाशील तेव्हा मी येतो सोबतीला." आणि तुमचंच कुणी असेल, तुम्हीच बोलायचं टाकलं असेल, तर आरतीला अजून थोडा अवकाश आहे. मांडवाबाहेर जा, फोन लावा. उचलला नाही तरी निरोप ठेवा — घरात काय शिजलं, गाईला काय झालं. चालतंय तेवढं.

बुवा, पेटी जरा थांबवा. कोण उठतंय ते उठू द्या. आपण वाट बघू, आरती मग घेऊ.