नदीपलीकडची लेक

१८९८ सालचं ते मतदान होऊन आठवडा झाला होता. ऑल्बरीच्या पुलावर जकातीच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारी आणि एक तरुण बाई उभ्या होत्या.

“मुरंब्यावरही जकात का, आजी?”

“तर काय. माझी विनी पलीकडेच बाळंत झालीय, पण नदी ओलांडली की व्हिक्टोरिया, म्हणजे दुसरी वसाहत.”

“सगळ्या वसाहतींचं एक राष्ट्र व्हावं, याला आपल्याकडे होकारच जास्त पडले ना?”

“पडले. पण आपल्या सरकारची अट होती, निदान ऐंशी हजार होकार हवेत. तेवढे भरले नाहीत.”

“म्हणजे जिंकून हरलो आपण.”

“आपण कसल्या हरतोय? बायकांना विचारलं होतं कुणी?”

“पुन्हा मतदान होईल म्हणतात. जकात उठली तर काय न्याल विनीला?”

“पाव. इथं रांगेतच गार होतो गं. एकदा तिला गरम खाऊ घालायचाय.”