भर पावसात झाडाला पाणी

...आता गेल्या भादव्यात दारातलं पाणी मी रोज झाडूनच काढायचं का? तुम्हीच सांगा! सकाळी सात वाजले की आमच्या उंबऱ्यापुढं धो धो गढूळ पाणी, त्यात शेवंतीची कुजकी पानं, एखादी गोगलगाय... तुम्ही म्हणाल व्यंकटराव, पावसाळा हाय, पाणी येणारच! हाव, येणारच की! पावसाचं पाणी आलं तर मी कशाला बोंबलू? पण हे पावसाचं न्हाई हो! हे आमच्या शेजारच्या सिद्धराम अप्पाचं हाय! तुम्हाला सांगतो, एकवीस दिवस लातुरात पाऊस थांबला न्हाई, रस्ते गेले, सोयाबीन गेलं, अन् हा माणूस सकाळी उठून डाव्या हातात छत्री, उजव्या हातात तांब्या, अन् गच्चीवर झाडाला पाणी घालतोय! वरून पाऊस चालू, खालून अप्पा चालू!

हसू नका. म्हणजे हसा, मी पण हसलो... पण पहिल्यांदा ऐकून तर घ्या.

अप्पा म्हणजे सिद्धराम अप्पा, एसटीत होते, औशाच्या स्टँडवर कंट्रोलर. तीस वर्षं त्या खिडकीत बसले. आदेश आला की पाळायचा, नवा आदेश आला की जुना बंद. नवा आला न्हाई? मग जुना चालू! असा सरळ माणूस. अन् त्यांची बायको बसम्मा, अहो काय बाई! नळाला आठ-आठ दिवस पाणी न्हाई अशा ह्या गावात तिनं गच्चीवर त्रेचाळीस कुंड्या उभ्या केल्या. कुंड्या म्हणजे तरी काय, तेलाचे डबे, फुटके माठ, कडी तुटलेल्या बादल्या! तांदळाचं धुवण झाडाला, आंघोळीचं पाणी झाडाला. अप्पा खालून वरडायचे, "माणसाला प्यायला न्हाई अन् तू झाडाला घालायलीस!" ती वरून म्हणायची, "तुम्हाला काय कमी पडलं का?" एवढंच. पण हा माणूस छत्तीस वर्षांत गच्चीवर गेला असंल नसंल चार वेळा, ते पण टाकीचा कॉक फिरवायला.

माघात बसम्मा गेली. दवाखान्यात नेताना खाटेवरून म्हणाली, "झाडाला रोज एकेक तांब्या पाणी घाला, विसरू नका." अप्पा म्हणाले, "हाव." झालं. पुढं बोलणं न्हाई.

अन् हा माणूस रडला न्हाई बघा! पाहुणे आले, बाया गळ्यात पडल्या, पोरगी अक्षरा पुण्याहून आली, तिनं घर डोक्यावर घेतलं. अप्पा खुर्चीत बसून. एक जण म्हणाला, "अप्पा, रडा जरा, मोकळं वाटंल." अप्पा म्हणाले, "बरं." अन् बसूनच! माझी बायको सिंधु रोज चहा नेऊन द्यायची. एकदा साखर घालायची विसरली, विचारलं, "अप्पा, गोड हाय का?" तर म्हणतात, "बघावं लागंल." अर्धा कप प्यायलेला हो! असं झालं होतं. माणूस चालतोय, बोलतोय, पण आत कोणी बत्तीच लावली न्हाई.

फक्त सकाळी सात वाजता गच्चीवर जायचे. त्रेचाळीस कुंड्या, त्रेचाळीस तांबे. अन् उन्हाळ्यात बाग अशी हिरवीगार की गल्लीतल्या बाया बघायला यायल्या. कढीपत्ता डोक्याएवढा उंच! मोगरा तर विचारू नका! सगळे म्हणाले, अप्पाच्या हाताला गुण हाय. अप्पा म्हणाले, "मला काय मालूम न्हाई. मी पाणी घालतो."

मग लागला पाऊस. पहिले आठ दिवस मी म्हणलं असंल सवय. पण भादव्यात त्यानं असा जोर धरला की आमच्या न्हाणीत बेडूक बसून राहिला, सिंधु आंघोळीला जाण्याआधी त्याची परवानगी घ्यायली! अन् मी आपल्या गच्चीवर टाकी बघायला गेलो तर शेजारी हे. छत्री, तांब्या. कुंडी काठोकाठ भरलेली, तिच्यात अजून एक तांब्या. ते पाणी वाहून पायपात, अन् पाईप कुठं सुटतो? माझ्या दारात!

मी म्हणलं, "अप्पा, काय करायलाव?"

"पाणी घालायलोय."

"पाऊस पडायलाय की!"

अप्पांनी वर बघितलं. खरंच पडतोय का म्हणून. म्हणाले, "हाव. पडायलाय." अन् पुढच्या कुंडीला तांब्या! वरून पाऊस चालू, खालून अप्पा चालू!

मग शेवंती गेली. शेवंती बसम्माची लाडकी, दसऱ्याला वेणीभर फुलं निघायची. बुडातून काळी पडली, हात लावला की हातात. मग गुलाब, मग तुळस. अन् गोगलगायी! राहिलेल्या झाडांवर लग्नाचं जेवण असल्यासारख्या पंगत धरून बसल्या. अप्पा एकेक हातानं उचलून डब्यात घालायचे अन् पलीकडच्या रिकाम्या प्लॉटात सोडून यायचे. मी म्हणलं, "मीठ टाका, मरतील." तर म्हणाले, "मारा म्हणून तिनं सांगितलं न्हाई." दुसऱ्या दिवशी सगळ्या परत! पायऱ्या चढून!

मग अप्पा मेलेली शेवंती मुळासकट पिशवीत घालून नर्सरीत गेले. तिथं मारोती म्हणून माळी हाय, तोंडात तंबाखू. मूळ नाकाला लावून म्हणाला, "अप्पा, पानी जास्ती झालंय. पानी कमी करा."

"एकच तांब्या घालतो."

"ह्या पावसात?"

"उन्हाळ्यात पण एकच घालत होतो. वाढवला न्हाई."

मारोतीनं तंबाखू थुंकली, दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेला!

अक्षराचा फोन आला. फोन म्हणजे अप्पा असा लांब धरतात की अख्ख्या गल्लीला ऐकू येतो. "अप्पा, मी मोबाइलवर बघितलंय, डब्यांच्या बुडाला मोठी भोकं पाडा, पाणी निघून गेलं पाहिजे!" अप्पा म्हणाले, "हाव." पोरीचा आदेश! सळई ठोकून त्रेचाळीस बुडांना भोकं पाडली, सगळं पाणी झर्रकन निघून गेलं. मी मनात म्हणलं, चला, सुटलो! दुसऱ्या दिवशी सात वाजता बघतो तर दारात दुप्पट पाणी! धावत वर गेलो. अप्पा म्हणतात, "भोकातून निघून जायलंय व्यंकट. राहतच न्हाई कुंडीत. दोन तांबे घालावं लागायलेत."

दोन तांबे! वरून पाऊस चालू, खालून अप्पा डबल चालू!

शेवटी मी चिडलो. हो, चिडलो, खोटं कशाला बोलू! म्हणलं, "अप्पा, पुरे करा आता! झाडं मारायलाव तुम्ही!" तर त्यांनी माझ्याकडं बघितलं... राग न्हाई, काही न्हाई. शांतपणे म्हणाले, "रोज घाला म्हणाली. बंद कधी करायचं ते म्हणाली न्हाई. आता कोणाला विचारू?"

खाली आलो अन् गुमान दारातलं पाणी झाडून काढलं.

बाविसाव्या दिवशी उदगीरच्या बसनं पार्वतम्मा आली. बसम्माची थोरली बहीण, सत्तरीची, घरात शिरायच्या आधी आवाज शिरतो. पिशवी ठेवली, थेट गच्चीवर. मी आपल्या गच्चीवर होतोच... टाकी बघत होतो हो! अप्पा विसाव्या कुंडीवर होते. बाईनं मनगट धरलं, तांब्या काढून घेतला. "साकु! साकु अप्पा!" साकु म्हणजे पुरे, कन्नडमधी. "हे काय चाललंय?"

"बसम्मा सांगून गेली, अक्का."

"अहो, मृग लागला की बसम्मा तांब्या धुवून खाली ठेवायची! पार नवरात्रापर्यंत झाडाला थेंब घालायची न्हाई!"

"कोण? बसम्मा?"

"मग कोण, मी?"

अप्पा छत्रीखाली तसेच उभे. म्हणाले, "पण पावसाळ्यात पण ती रोज सकाळी वर यायची."

"यायची की."

"मग काय करायची?"

पार्वतम्मानं टाकीशेजारच्या पत्र्याखाली बोट दाखवलं. तिथं एक उपडा डबा होता. "बसायची," म्हणाली. "खाली तुमचा रेडिओ मोठ्यानं चालू असायचा. वर शांत वाटतं म्हणायची."

तुम्हाला सांगतो, मी टाकीत तोंड घातलं. दुसरीकडं कुठं बघणार?

अप्पांनी छत्री मिटली. पावसात! अन् जाऊन त्या डब्यावर बसले. पत्र्यावर पाऊस तडातडा वाजायलाय, हा माणूस गुडघ्यावर हात ठेवून बसलाय. पार्वतम्मा जरा नरमली, म्हणाली, "आजपासून बंद. मी थोरली सांगायलेय."

"हाव," अप्पा म्हणाले.

"रडायचंय का?"

अप्पांनी विचार केला. खरंच केला! मग म्हणाले, "न्हाई येत अक्का. हात तेवढा हलका वाटायलाय."

चार दिवसांनी ऊन पडलं. दोघांनी मिळून कुजलेली झाडं उपटली. त्रेचाळीसपैकी कढीपत्ता, कण्हेर अन् एक कोरफड वाचली. मग गल्लीला पाझर फुटला. अप्पाची बाग गेली म्हणून जो तो एकेक फांदी घेऊन यायला. पण पावसानं सगळ्यांचीच बाग कुजवलेली, शिल्लक काय राहणार? मनी प्लांट! समोरच्यांनी मनी प्लांट, कोपऱ्यावरच्यांनी मनी प्लांट, आमच्या सिंधुनं पण बाटलीत घालून मनी प्लांट! सतरा बाटल्या कठड्यावर रांगेनं मांडल्या. पार्वतम्मा उदगीरला निघताना अप्पांनी विचारलं, "अक्का, ह्याला पाणी किती?"

"त्याला काय करू नका. घाला, न घाला, ऊन असो, पाऊस असो, ते मरत न्हाई."

अप्पा सतरा बाटल्यांकडं बघत राहिले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "म्हणजे व्यंकट... हे आता मला पुरून उरणार."