पावणेचार लिटरचा कॉम्प्युटर

नाही, पण मला एक सांगा, कॉम्प्युटर लिटरमध्ये मोजतात का हो कुणी? दूध मोजतात, तेल मोजतात, रंगाचा डबा मोजतात, मान्य… पण कॉम्प्युटर? आमचे हे जेवायला बसले की घास हातात तसाच धरून भिंतीकडे बघत म्हणायचे, "साडेपाच लिटर फार होतो गं. चारच्या आत उतरला पाहिजे." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बादलीबद्दल बोलतायत! मी म्हटलं, अहो, आहे की एक लहान बादली, मोरीत उपडी घातलीय. तर माझ्याकडे असं बघितलं, असं बघितलं… आणि घास गिळला.

आणि हे सगळं माझ्या एका शब्दापायी! एक शब्द बोलले हो मी. 'लहान'.

झालं काय, तुम्हाला सांगते. मी शिवणकाम करते, घरीच, मधल्या खोलीत. शाळेचे गणवेश. खोलीत एक कापायचं टेबल, सहा फूट बाय चार, आणि त्याच्या कोपऱ्यावर आमचा जुना कॉम्प्युटर बसलेला असायचा, हा एवढा उभा डबा! शर्टाची पाठ पसरली की बाही त्याच्यावर चढायची. पण लागतो हो तो. खिशावरचा बिल्ला भरतकामाच्या मशीनवर निघतो, मशीन जुनं, त्याला सगळा वेळ कॉम्प्युटर तारेने जोडलेला लागतो. आणि यंदाच शाळेने बिल्ला बदलला. इतकी वर्षं नुसतं पुस्तक होतं, आता पुस्तकावर कंदील! कुणाच्या डोक्यात उजेड पडला देव जाणे. दोनशे बारा शर्ट, दोनशे बारा कंदील, शाळा उघडायला अकरा आठवडे, आणि नेमका तेव्हाच जुन्या डब्याने जळका वास सोडला आणि मान टाकली. मी खडूने खुणा करत होते. मान वर न करता, आपलं सहज म्हटलं, "अहो, नवा आणायचाच आहे तर जरा लहान बघा."

दुसरा कुणी असता तर दुकानात गेला असता, एक लहानसा उचलला असता आणि चहाच्या वेळेला घरी आला असता. पण आमचे हे वजनमाप खात्यात! दुकानदारांचे तराजू तपासतात. समोरच्याचं माप चुकलेलं निघालं की यांना जेवण गोड लागतं. चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "थांब. अभ्यास करतो."

हे तीन शब्द ऐकले ना, की मी आधी कॅलेंडर बघते. मागे छताच्या पंख्याचा अभ्यास केला होता यांनी. पंखा आला तेव्हा आम्ही स्वेटर घालून बसलो होतो.

त्यात आले भाऊजी. यांचे धाकटे भाऊ. कुठल्याशा ऑफिसात कॉम्प्युटर दुरुस्त करतात, म्हणजे बंद करतात आणि परत चालू करतात. मी म्हटलं, भाऊजी, तुमचा लॅपटॉप द्या आठ दिवस. तर लगेच, "नाही वहिनी, तो ऑफिसचा, त्यात बाहेरचं काही घालू देत नाहीत." मग म्हटलं, तयार एखादा आणून द्या. तर छातीला हात लावून, "वहिनी! तयार कॉम्प्युटर? म्हणजे रेडीमेड शर्ट! तुम्हाला चालेल?" आता बघा, कसा नेम धरून मारला! मी मापं घेऊन शिवणारी बाई, मी काय 'चालेल' म्हणणार? गप्प बसले. तिथेच चुकलं माझं. तिथेच सुई हातात घेऊन उभं राहायला हवं होतं.

मग दोघे भाऊ बसले. एकेक पार्ट वेगळा निवडायचा म्हणे, मापाने. पहिल्यांदा खोका, मग खोक्यात मावेल तो बोर्ड, बोर्डावर मावेल तो थंड करायचा पंखा, पंख्याखाली मावेल ती रॅम… पार्टवाल्याने बिचाऱ्याने दहा लिटरचा खोका दाखवला. चांगला होता हो, सुटसुटीत, हात आत जात होता. हे म्हणाले, "हे गोदाम आहे." सात लिटरचा दाखवला. "हे घर आहे." पाच लिटरचा दाखवला, तो दोघांनी उलटा केला, सुलटा केला, त्याला वास घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं, आणि भाऊजी म्हणाले, "दादा, याच्यात खूप हवा वाया जातेय." हवा वाया जातेय! आणि मी घरात एका टेबलावर श्वास घ्यायला जागा शोधतेय.

लहान म्हटलं होतं मी. लहान! नाहीसा नव्हतं म्हटलं.

शेवटी पावणेचार लिटरवर गाडी थांबली. आणि तो प्रत्यक्ष यायच्या आधी 'अंदाज' हवा म्हणून यांनी पुठ्ठ्याचा खोका केला. पुठ्ठा कुठला? माझा! बत्तीस नंबरच्या शर्टाच्या पाठीचा खाका, नऊ वर्षं वापरलेला, खिळ्याला टांगलेला. तो कापला! मी बाजारातून येते तर माझी पाठ चौकोनी होऊन टेबलावर बसलीय आणि हे तिच्याभोवती फिरून बघतायत, गळ्यात माझीच टेप. म्हणाले, "बघ किती गोड दिसतो." गोड! लग्नाला एकवीस वर्षं झाली, मला एकदा म्हटलं असतं!

मग ग्राफिक कार्ड. म्हटलं, ते कशाला? तर भाऊजी, "वहिनी, चित्र उमटवायला ताकद लागते." अहो, एक पुस्तक आणि एक कंदील! कंदीलसुद्धा पेटलेला नाही, नुसती बाह्यरेषा! पण नाही, ताकद लागते. कार्ड आलं तर खोक्यापेक्षा अंगठाभर लांब निघालं, परत पाठवलं. दुसरं आलं तर जाड. रॅम आणली तर तिच्या डोक्यावर तुरा, पंख्याला आपटतो, म्हणून ठेंगणी रॅम शोधायला दोन आठवडे. आणि पार्टवाला… काय माणूस आहे! त्याला विचारायचं, हे बसेल का? तर सोमवारी म्हणतो, "बसणार म्हणजे बसणार, साहेब!" बुधवारी म्हणतो, "बसायला हरकत नाही." शनिवारी खोक्याकडे बघत, बारीक आवाजात, "बसावा…" असं म्हणायचं आणि आत निघून जायचं. आणि आमच्या मापतज्ज्ञांना यात काही खटकू नये?

मला खटकलं. मी शिकलेली नसेन, पण कापड कळतं मला. एक दिवस यांचा कागद बघितला. खोक्यात पंख्याला जागा किती, तर सदतीस मिलिमीटर. पंखा किती उंच? सदतीस मिलिमीटर. मी म्हटलं, "अहो, माया कुठंय?"

"कसली माया?"

आता शिवणारीला विचारा कसली माया! शिवणीच्या आत जादा कापड सोडतो ना आपण, दोन बोटं, ती माया. उद्या पोरगं वाढलं, कापड आटलं, की उसवून सोडता येते. मायेशिवाय शर्ट शिवलात तर तो पहिल्या शिंकेला फाटतो. मी म्हटलं, वायरी कुठून जाणार? बोट कुठून जाणार? गरम झाल्यावर फुगलं काही तर? जरा माया सोडा. तर हे हसले. भावाकडे बघून हसले! म्हणाले, "ते तुमच्या शिवणात. आमच्याकडे माप म्हणजे माप. आमच्या खात्यात माया नसते."

खात्यातल्या बाकीच्यांनी म्हणे बरीच माया जमवलीय, पण ते जाऊ द्या.

तोवर सहा आठवडे गेले होते, तुम्हाला सांगते, सहा! आणि शाळेच्या ऑफिसातल्या बाईंचा फोन. त्या एकेक शब्द मोजून बोलतात. "बाई… शर्ट… कुठवर आले? नाही, घाई नाही… फक्त समोरचा रेडीमेडवाला… येऊन गेला… नमुना ठेवून गेला."  अहो, सगळं वर्ष त्या एका शाळेवर चालतं माझं! ती गेली की मी लोकांच्या चेन आणि बटणं बदलत बसायचं. फोन ठेवला, खुर्ची खिडकीशी ओढली, भरतकामाची रिंग काढली, आणि हाताने भरायला घेतले बिल्ले. हाताने! एका कंदिलाला अर्धा तास. इकडे मी कंदील भरतेय, बोटाला भोकं पडतायत, आणि पलीकडच्या खोलीतून आवाज येतोय, "दादा, अर्धा मिलिमीटर वाचवता येईल!"

एक शब्द बोलले मी. त्या शब्दाची शिक्षा दर तासाला दोन कंदील.

दहाव्या आठवड्यात, एका रविवारी सकाळी, जोडणी झाली. माझं टेबल रिकामं करून घेतलं, वर माझंच पांढरं अस्तर अंथरलं, ऑपरेशन असल्यासारखे दोघे वाकले. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुमची बोटं बारीक आहेत, एवढा स्क्रू…" लावला. "वहिनी, चिमटा…" दिला. "वहिनी, श्वास सोडू नका." नाही सोडला! सगळं आत गेलं. बसलं. मला खोटं बोलायचं नाही, एक क्षण मलाही कौतुक वाटलं. आणि मग हे झाकण लावायला गेले.

झाकण बसेना.

वायरींची एक जुडी पंख्यावरून जात होती. दुसरीकडून जायला वाटच नव्हती! दाबलं, तिरकं केलं, भाऊजी वर बसून बघतो म्हणाले. झाकण या टोकाला लावलं की त्या टोकाला उचलायचं. किती उचलायचं? दोन मिलिमीटर.  मी शेजारी पडलेल्या शर्टाची शिवण उलटी करून यांच्यासमोर धरली आणि त्यातली माया दाखवली, दोन बोटं. यांनी चष्मा काढला आणि उगाच पुसत बसले.

बरं, चालला हो तो! उघड्या झाकणाने चालला, तीन दिवस. साठ बिल्ले मशीनवर निघाले आणि चौथ्या दिवशी शिट्टी वाजायला लागली. बघते तर आत सुतकताई! अहो, शिंपीकामाचं टेबल ते, त्यावर दोरे असणार, कापडाचा भुगा उडणार, आणि हा बारका उघड्या तोंडाने सगळं आत ओढतोय. पंख्याला निळा दोरा, पांढरा दोरा, व्यवस्थित गुंडाळी झालेली. साफ केला की दोन तास चालायचा, परत शिट्टी. पार्टवाल्याला फोन लावला तर म्हणतो, "धूळ नसलेल्या जागी ठेवावा, साहेब." ठेवावा! मी तो तसाच तोंड वासून सोडला आणि परत रिंग उचलली.

एकशे बावन्न कंदील हाताने भरले मी. मोजून सांगते. शाळा उघडायच्या दोन दिवस आधी गठ्ठे घेऊन ऑफिसात गेले, पण साठ बिल्ले मशीनचे नि बाकीचे हातचे, फरक दिसतोच. बाईंनी एक शर्ट या हातात घेतला, एक त्या हातात. बघतायत… बघतायत… आणि म्हणाल्या, "बाई… हा मशीनचा… बरा आहे. पण हा हातचा… पेटलाय की हो!" डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खरंच. शाळा हातची गेली नाही. आणि मग त्यांनी पुढचं वाक्य टाकलं, "पुढच्या वर्षी… सगळे हातचेच द्या."

म्हणजे बघा! ज्याच्यासाठी अकरा आठवडे घर टांगणीला लागलं, त्या पावणेचार लिटरचं काही कामच उरलं नाही.

हसावं की रडावं, याचा विचार करत घरी आले. मधल्या खोलीच्या दारातच थबकले. टेबलाच्या कोपऱ्यावर… जुना डबा! तोच, हा एवढा उभा, पुसूनबिसून ठेवलेला. आणि शेजारी हे, चेहऱ्यावर आनंद मावत नाही. "ये, ये! धुळीचा प्रश्न सुटला. जुन्याच्या पोटातलं सगळं काढलं आणि नवा आत ठेवून दिला. पुढे तुझं जाळीचं कापड लावलंय." माझं जाळीचं कापड! पण ते सोडा, पुढे ऐका. डब्याचं दार उघडलं, टेबलावरची माझी टेप ओढली, आत घातली आणि म्हणाले, "बघ, चारी बाजूंनी चार चार बोटं. माया!"

 भांडायला तोंड उघडलं होतं मी. पण माणूस एकवीस वर्षांत पहिल्यांदा माझं एक ऐकून बसला होता, आणि तेही असं! मिटलं तोंड. उरलेलं कापड आवरायला पसरलं टेबलावर, तर बाही चढलीच त्या डब्यावर, पहिल्यासारखी. ती खाली ओढता ओढता, आपलं सहज, अगदी सहज हो, माझ्या तोंडून निघून गेलं, "एवढं सगळं मांडायचं तर टेबल तरी जरा मोठं हवं."

जीभ चावली मी! तिथल्या तिथे चावली! पण टेप यांच्या हातातच होती. चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि खोलीच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "थांब. अभ्यास करतो."