पत्रिकेचं गॅस्केट

१९९८चा मे, ऐन उन्हाळा. मुलीला माझ्याच जुन्या फियाटमधून लग्नाच्या हॉलवर नेणार, असं मी व्याह्यांना ठणकावून सांगितलं होतं. निघायच्या वेळी इंजिन चालू होई आणि लगेच बंद पडे.

विहिरीच्या पाण्यावरून अबोला धरलेला शेजारी पास्कल कुंपणापलीकडून म्हणाला, "भाऊ, कार्बोरेटरखालून हवा ओढते ती."

"तुला कसं कळलं?"

"शिट्टी वाजते. बहिरा झालास काय?"

त्याने येऊन कार्बोरेटरच्या बुडाशी पाणी शिंपडलं, तशी शिट्टी थांबली. तिथलं गॅस्केट, म्हणजे सांधा हवाबंद ठेवणारी पुठ्ठ्याची पट्टी, फाटलं होतं.

"जाड पुठ्ठा दे."

मी उरलेली लग्नपत्रिका दिली; अबोल्यापायी त्याला ती पाठवलीच नव्हती.

"चला, माझी पत्रिका पोचली!" म्हणत त्याने ती कातरून बसवली. इंजिन एका सुरात चालू लागलं. माझा जीव भांड्यात पडला.

मी पुढचं दार उघडून त्याला शेजारी बसवलं. फिटंफाट झाली.